बाँड मोडला म्हणून रिलिव्हिंग लेटर अडवलंय

तुझी पोस्ट वाचली: दोन वर्षांचा बाँड (त्याआधी सोडलं तर पैसे भरायचे असा करार), चौदाव्या महिन्यात राजीनामा, नोटीस पिरियड पूर्ण केलास, आणि आता एचआर म्हणतेय आधी दीड लाख भर मगच लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र. माझंही हिंजवडीत डिट्टो हेच झालेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाँडचे पैसे आणि कागदपत्रं एका मेलमध्ये घालू नकोस. मी घातली, 'तुमचा बाँडच बेकायदेशीर' असं तावातावाने लिहिलं आणि मग साध्या फॉर्म 16 च्या (पगारातून कापलेल्या टॅक्सच्या दाखल्याच्या) मेललाही कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटकडून उत्तर यायला लागलं. आणि सरसकट बेकायदेशीर नसतोच तो, 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड मान्य केलाय. पण करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे भरपाई वाजवी लागते, बाँडवरचा आकडा ही वरची मर्यादा. म्हणून ट्रेनिंगवर नेमका किती खर्च केला ते लेखी माग. आमचं ट्रेनिंग म्हणजे जुन्या पीपीटी आणि चार वाजताचा समोसा, त्याचे दीड लाख कसे झाले ते आजतागायत कोणी सांगितलं नाही.

फोनवर आमच्या एचआरच्या बाई गोड बोलायच्या, 'अरे करते ना, पाठवते', लेखी मात्र एक अक्षर नाही. मग फोन ठेवला की लगेच मेल टाकायचो, 'आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे आपण पैसे भरेपर्यंत लेटर देणार नाही असं सांगितलंत, चुकत असेन तर कळवा.' उत्तर आलं नाही तरी मेल राहतो. त्यानंतर स्पीड पोस्टाने पत्र, पोचपावती जपून ठेव.

तोपर्यंत जे त्यांच्या हातात नाही ते गोळा कर. पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री दिसते, एक्झिट डेट (नोकरी सोडल्याची तारीख) कंपनीने टाकली नसेल तर शेवटच्या काँट्रिब्युशननंतर दोन महिन्यांनी आधारच्या ओटीपीवर आपली आपण टाकता येते, त्यासाठी पुण्यात गोळीबार मैदानच्या पीएफ ऑफिसात खेटे घालायची गरज नाही. पगारातून कापलेला टॅक्स (टीडीएस) तुझ्या नावावर भरलाय की नाही ते आयकर पोर्टलवरच्या टॅक्स स्टेटमेंटमध्ये (26एएस) बघ. सॅलरी स्लिपा, बँक स्टेटमेंट, ऑफर लेटर. नव्या कंपनीला आधीच खरं काय ते सांग, लपवलंस आणि बॅकग्राउंड चेकमध्ये निघालं तर जास्त अडचण. माझ्या नव्या एचआरने सर्व्हिस हिस्ट्री, तीन स्लिपा आणि राजीनामा स्वीकारल्याचा मेल यावर भागवलं.

लॅपटॉप आणि आयडी कार्ड परत केल्याची पावती घेतलीस का? नसेल तर तारीख आणि सिरियल नंबर लिहून तो मेल आजच टाक.