आटपाडीच्या माळावर गवत लावताय? मग हे वाचा

नुसतं मारवेल गवत पेरू नका, ही पहिली विनंती. मीही सुरुवातीला तेच केलं. गवत आलं, गंजीही लागल्या, पण खालची माती होती तशीच टणक राहिली.

खरं काम मुळं करतात, आणि प्रत्येकाची मुळं वेगळी. काही वरच्या थरात जाळं विणतात, काही मुरमाच्या भेगा शोधत खाली जातात. म्हणून मारवेलासोबत पवन्या, डोंगरी ही गवतं, थोडी कुसळी (मेंढ्यांच्या लोकरीत अडकते, म्हणून बेतानंच) आणि मुख्य म्हणजे शेवऱ्यासारखी शेंगवर्गीय रोपं हवीतच. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. तो हळूहळू शेजारच्या गवतालाही मिळतो. अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीक या संशोधन केंद्रात 1994 पासून 1 ते 16 जातींचे वाफे लावून हेच तपासताहेत. जास्त जातींच्या वाफ्यांत मातीतला कर्ब जास्त साठला. उष्ण हंगामातली गवतं आणि शेंगवर्गीय यांची जोडी त्यात विशेष उपयोगी ठरली. तिथली माती रेताड, आपला मुरूम. आकडे जुळणार नाहीत, कारण मात्र तेच.

नांगर घालू नका. बी हलकं, वाऱ्यानं उडतं. ओल्या मातीत कालवून वळवाच्या पावसानंतर टाका. पहिली दोन वर्षं चराई बंद. कापणी बी गळल्यावरच, शेजारी कितीही घाई करोत.

सुधारणा बघायची तर दरवर्षी एक सुकं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात सोडा. लगेच विरघळलं तर माती अजून नीट बांधली गेलेली नाही, अजून थांबायचं.