वहीचं दुसरं पान

प्रश्न : ताई, मी 22 वर्षांचा आहे. पहाटे उठून धावायचं असं गेले तीन महिने ठरवतोय. आठवडाभर नीट जमतं. मग एखादा दिवस चुकतो, आणि एक चुकला की पुढचे पंधरा दिवस बूट कोपऱ्यात पडून राहतात. मग पुन्हा ‘येत्या एक तारखेपासून’ असं ठरवतो. माझ्यात चिकाटीच नाही का?

उत्तर : आठवडाभर पहाटे उठणाऱ्या मुलाला चिकाटी नाही असं मी कसं म्हणू? तुझा घात चुकलेला दिवस करत नाही, त्याच्यानंतरचा दिवस करतो. त्या दिवशी तू स्वतःला इतकं बोलतोस की बुटांकडे बघणंही नको होतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांचा बारा आठवडे माग ठेवला. रोजची एक नवी गोष्ट अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, हे त्यांना पाहायचं होतं. त्या बारा आठवड्यांच्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधला, तेव्हा कुणाचा हिशेब 18 दिवसांचा निघाला, तर कुणाचा 254 दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा 66. म्हणजे तू ज्या आठव्या-नवव्या दिवशी निकाल लावून मोकळा होतोस, तेव्हा बहुतेकांची नुकती सुरुवात झालेली असते. याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

दुसरा अभ्यास 2010 सालचा, कॅनडातला, पहिल्या वर्षाच्या 119 विद्यार्थ्यांचा. परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. स्वतःला फटकारत राहिलं की माणूस सुधारतो, असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं. माझ्या समोर येऊन बसणाऱ्या माणसांत तरी मला ते क्वचितच खरं होताना दिसलं आहे.

तेव्हा एक तारखेची वाट बघू नकोस. दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी धावायचं नाही असंच धर. फक्त बूट घालायचे, नाड्या बांधायच्या आणि रस्त्यापर्यंत जाऊन परत यायचं. पाय पुढे जायला लागले तर जाऊ दे.

प्रश्न : ताई, माझं वय 46. वडील 83 वर्षांचे आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून काढायच्या आणि त्याचं छोटंसं पुस्तक करून घरातल्या मुलांच्या हाती द्यायचं, असं मी चार वर्षांपूर्वी ठरवलं. जाड वही आणली, रेकॉर्डर घेतला, बारा प्रकरणांची यादीही केली. वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव आणि जन्मतारीख आहे, दुसरं पान कोरं आहे. दर रविवारी बसायचं ठरवते आणि नेमकं त्याच दुपारी कुठलंतरी कपाट आवरायला घेते. ऑफिसात माझं एकही काम मागे राहत नाही, मग याच कामाचं असं भिजत घोंगडं का? आता वडिलांना नावं आठवायला वेळ लागतो. मला रात्री झोप येत नाही, स्वतःचाच राग येतो.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी त्या कपाटापाशी थांबले. आळशी माणूस रविवारी दुपारी कपाट आवरत नाही, तो पडून राहतो. तुम्ही त्या वेळात काम करता, तेही भरपूर, फक्त ते एक सोडून. म्हणजे वेळ आहे, उमेद आहे, शिस्त तर आहेच. घोडं अडलंय ते दुसरीकडे.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल यांनी चालढकलीचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. त्यांचं म्हणणं असं, की हा प्रश्न घड्याळाचा नसून भावनांचा आहे. काम समोर आलं की त्याच्याबरोबर काहीतरी नकोसं वर येतं. कधी भीती, कधी कंटाळा, कधी लाज. काम बाजूला सारलं की ते नकोसं वाटणं लगेच ओसरतं. मनाला ही सुटका फार आवडते, आणि पुढच्या खेपेला ते आणखी लवकर पळ काढतं. मी 24 वर्षं समुपदेशन करते आहे. ‘तुमचं वेळापत्रक दाखवा’ असं म्हणणं मी केव्हाच सोडून दिलं. मी विचारते, ‘कामाला बसलात की पहिल्या मिनिटाला पोटात काय होतं?’

तुम्ही समोर नाही, म्हणून मला जे वाटतं ते लिहिते, पटलं नाही तर सोडून द्या. वडिलांच्या आठवणी लिहून ठेवायच्या, म्हणजे एक दिवस ते सांगायला नसतील हे कबूल करायचं. वही उघडली की ते समोर उभं राहतं. वही मिटली की वडील शेजारच्या खोलीत आहेत, त्यांच्या खोकल्याचा आवाज येतोय, सगळं जागच्या जागी आहे. तुम्ही चार वर्षं कामाला टाळत नाही आहात. तुम्ही त्या दिवसाला टाळता आहात. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही, हे प्रेमच आहे. पण या प्रेमापायी तुमच्या हातून नेमकं तेच निसटतंय जे तुम्हाला धरून ठेवायचं आहे.

माझ्या आईकडे जुन्या पत्रांनी भरलेली एक पेटी होती. ती सांगेल तसं आपण प्रत्येक पत्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवू, कुणाचं, कधीचं, असं आमचं ठरलं होतं. मी ती पेटी दोनदा माळ्यावरून काढली आणि दोनदा धूळ पुसून परत ठेवली. आई गेल्यावर उघडली. एका पत्रात कुणीतरी तिला लिहिलंय, ‘तू त्या दिवशी स्टेशनवर आली नसतीस, तर मी आज नसते.’ खाली सही आहे ती नुसती ‘तुझीच’. कोण होती ती, कुठलं स्टेशन, आईने काय केलं होतं, हे मला आता कधीच कळणार नाही. तुमच्या पत्राला मी या अंकात एवढी जागा देते आहे ती यामुळे.

आता करायचं काय ते बघू. ती बारा प्रकरणांची यादी आधी वहीतून काढून ठेवा. पुस्तक या शब्दाचंच तुमच्यावर दडपण आहे. मोठ्या कामाचा अंदाज बांधण्यात आपण सगळेच चुकतो. कॅनडातल्या एका अभ्यासात, 1994 साली तो प्रसिद्ध झाला, विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. त्यांचा अंदाज सरासरी 34 दिवसांच्या आसपास होता. सगळंच बिघडलं तर किती लागतील, यावर ते 49 च्या आसपास म्हणाले. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवसांच्या वर लागले. तुमच्या पुस्तकाला लागायचा तेवढा वेळ लागेल, त्याचा हिशेब आज मांडायची काही गरज नाही. पहिले चार रविवार तर तुम्ही एक ओळसुद्धा लिहायची नाही. फक्त ऐकायचं.

ठरवायची ती वेळ आणि जागा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना काम दिलं होतं, ते तुमच्या कामाशी चांगलंच मिळतंजुळतं आहे. नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली ते दोन दिवसांच्या आत लिहून पाठवायचं. निम्म्यांना आधीच विचारून ठेवलं की नेमकं कधी आणि कुठे बसून लिहिणार. त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ते वेळेत पाठवलं. ज्यांना तसं विचारलं नव्हतं, त्यांच्यातले जेमतेम एक तृतीयांश. ‘रविवारी बसू’ हे ठरवणं झालंच नाही. ‘रविवारी बाबा दुपारची झोप काढून उठले की मी त्यांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसेन’ हे ठरवणं झालं. आणि कपाटासाठी वेगळं वाक्य ठेवा : ‘हात कपाटाच्या कडीकडे गेला, तर मी त्या खुर्चीवर जाऊन बसेन.’ मोठ्याने म्हणा, वहीच्या दुसऱ्या पानावर लिहा. ते पान कोरं राहायला नको.

रेकॉर्डर शनिवारी रात्रीच चार्ज करून त्या खुर्चीवर ठेवून द्या. आणि त्यांना ‘बाबा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ असं म्हणू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे माणूस गप्प होतो, किंवा सगळ्यांना ठाऊक असलेलं तेच तेच सांगतो. विचारा, ‘शाळेत जाताना पायांत काय असायचं?’ मी हा प्रश्न कितीतरी वृद्धांना विचारला आहे. आधी ते हसतात. मग पायांवरून रस्ता निघतो, रस्त्यावरून बरोबर चालणारा मित्र निघतो, मित्रावरून त्याचं घर. दुसऱ्या रविवारी हातांबद्दल विचारा, पहिल्या पगाराच्या दिवशी हातात काय होतं ते. तिसऱ्या रविवारी घराच्या दाराबद्दल.

एखादं नाव आठवलं नाही तर आठवून द्यायची घाई करू नका, चुकलं तर दुरुस्तही करू नका. जुना फोटो हाताशी असू द्या. नावं पुष्कळदा बोलणं संपल्यावर, आपण उठून जायला निघालो की येतात. म्हणून रेकॉर्डर शेवटपर्यंत चालू ठेवा. बोलणं पंधरा मिनिटांचंच ठेवा. रंगात आले असले तरी थांबा आणि त्यांना सांगा, ‘हे पुढच्या रविवारी इथूनच पुढे.’ अर्धवट राहिलेल्या गोष्टीची ते तुमच्याहून जास्त वाट बघतील, आणि पुढच्या रविवारी तुम्हाला खुर्चीकडे तेच बोलावतील. लिहून काढायचं नंतर बघू. सवय नसेल तर पंधरा मिनिटांचं बोलणं उतरवायला तास सहज जातो, आणि ते काम घरातलं दुसरं कुणीही करू शकतं.

पहिल्यांदा बसाल तेव्हा डोळे भरून येतील. भरू द्या, उठू मात्र नका. आणि त्यांच्या पायांत काय असायचं, ते मला जरूर कळवा.