यंदा पाचशे रोपं लावू नका

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीतले पंचवीस जण दर जुलैत पुण्यातल्या एका टेकडीवर झाडं लावतो. तीन वर्षांत 400 रोपं लावली. गेल्या मे महिन्यात मोजली तर जेमतेम 30 जिवंत होती. यंदा 500 लावावीत असं बहुतेकांचं म्हणणं आहे, मला ते पटत नाही. पण लोकांचा हुरूप मोडायचीही भीती वाटते. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मे महिन्यात वर चढून रोपं मोजलीत, त्याबद्दल आधी तुमचे आभार. जुलैतले फोटो सगळ्यांकडे असतात, मेमधली मोजणी फार थोड्यांकडे.

मी बारा वर्षं टेकडीवर पाणी वाहते आहे. आमचीही पहिल्या वर्षीची रोपं होळीपर्यंत वाळून गेली होती, आणि मला रडू आलं होतं. तेव्हापासून मी आकडा पाण्यावरून ठरवते. पंचवीस माणसं, प्रत्येकाच्या हातात पाच-पाच लिटरचे दोन कॅन, म्हणजे एका खेपेला 250 लिटर. एका रोपाला पाच लिटर धरले तर 50 रोपं झाली. डिसेंबर ते मे दर आठ-दहा दिवसांनी एवढं पाणी वर नेता येत असेल, तर यंदा 50च लावा. पुण्याचा पाऊस सप्टेंबरनंतर जवळजवळ संपतो आणि टेकडीवर वीतभर मातीखाली मुरूम असतो. पाण्याशिवाय रोप तग धरणार कसं?

खड्डे मे महिन्यातच पहारीने खणून ठेवा. जमीन वनखात्याची असेल तर त्याआधी त्यांची परवानगी घ्या. लावणी जूनअखेरीला, दोन चांगले पाऊस झाल्यावर. ऑगस्टमध्ये लावलेल्या रोपाला मुळं धरायला वेळच उरत नाही. आळं उताराच्या खालच्या बाजूने अर्धचंद्रासारखं बांधा आणि त्यावर वाळलेल्या गवताचं जाड आच्छादन घाला.

रोपं पळस, खैर, मोई, काटेसावर यांची घ्या. गिरिपुष्प लवकर वाढतं म्हणून कोणी सुचवेल, पण मध्य अमेरिकेतल्या त्या झाडाने आपल्या टेकड्या आधीच भरल्या आहेत. पळसपापडी मे महिन्यात झाडाखाली पडलेली मिळते. ती मुलांकडून गोळा करून घ्या आणि ताजी असतानाच पेरा.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जिथे दाट गवत आहे तिथे खड्डे खणूच नका. त्या कुसळी गवतात तितर आणि चंडोल जमिनीवर घरटी करतात. गवत आपला कार्बन मुख्यतः मुळांत, जमिनीखाली साठवतं. ती उजाड जागा नव्हे. मी स्वतः अशा गवतात खड्डे घेतले आहेत, त्याची खंत अजून आहे.

राहिला हुरूप. ज्यांना पाचशेचं काम हवंय त्यांना डिसेंबरात विळे देऊन वर न्या. पाऊलवाटेच्या दोन्ही बाजूंचं वाळलेलं गवत कापून जाळरेषेसाठी, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून, पट्टा मोकळा करायचा, तोही वनरक्षकाला विचारूनच. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाटेवर पडलेल्या एका विडीने वणवा लागतो आणि तीन वर्षांची रोपं तासाभरात जातात. पंचवीस माणसांना दोन-तीन रविवार पुरेल एवढं हे काम आहे. पूर्ण बूट घालायला सांगा, कुसळं मोज्यांत घुसली की निघता निघत नाहीत.

आणि ती 30 जिवंत रोपं? यंदाची पहिली खेप त्यांना घाला.