थांबा सिग्नलच्या अलीकडे की पलीकडे?

तुमचा ट्रामच्या थांब्यांचा आराखडा पाहिला. पहिल्या प्रयत्नाच्या मानाने छान जमलाय. पण तुम्ही सगळे थांबे सिग्नलच्या अलीकडे ठेवलेत, तिथून सुरुवात करू.

अडचण अशी की प्रवासी चढायला-उतरायला किती वेळ घेतील ते आधी कळत नाही. दारं बंद होईपर्यंत सिग्नल लाल होतो आणि ट्राम एकाच चौकात दोनदा थांबते. थांबा पलीकडे असेल तर येणारी ट्राम चौकात केव्हा पोहोचेल याचा अंदाज सिग्नलला नीट बांधता येतो. मग हिरवा थोडा लांबवायचा किंवा लवकर द्यायचा, एवढंच उरतं. म्हणून सिग्नलवर ट्रामला प्राधान्य असेल तर थांबा पलीकडे, हे डोळे झाकून धरा. प्राधान्यच नसेल तर अलीकडचा थांबाही चालतो. लाल दिव्याचा थोडा वेळ तरी चढ-उतारात कामी येतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- फलाट चौकाला अगदी चिकटवतात. मागून दुसरी ट्राम आली की तिचं शेपूट चौकात अडकतं.
- फलाट वळणावर ठेवतात. दार आणि फलाट यांत फट पडते. फलाट सरळ रुळालाच हवा.
- पादचारी क्रॉसिंग विसरतात! ते फलाटाच्या टोकाशीच द्या, नाहीतर लोक रुळांवरून पळणारच.

दोन्ही दिशांचे थांबे समोरासमोर असायलाच हवेत असं नाही. दोन्ही पलीकडे ठेवले की ते आपोआप चौकाच्या दोन बाजूंना जातात आणि अरुंद रस्त्यावर जागा वाचते.

सिग्नलच्या सेकंदांचं गणित सध्या बाजूला ठेवा. आधी एकच चौक नव्याने काढून दाखवा.