गुरुत्वाकर्षणावर काम करणारा थिअरॉटिकल फिजिसिस्ट दिवसभर नेमकं करतो काय? आणि त्यात पोट भरतं का?

याच विषयात पीएचडी करतोय, चौथं वर्ष चालू आहे, त्यामुळे सांगतो. दिवसभर चुका शोधतो. स्वतःच्याच. गेल्या वर्षी तीन आठवडे एक गणित जुळेना, अख्खी वही भरली, शेवटी कळलं की एका पुस्तकात काळाला उणे आणि अंतराला अधिक चिन्ह धरलंय, दुसऱ्यात बरोब्बर उलट, आणि मी दोन्हीकडची सूत्रं एकत्र कालवून बसलो होतो. गाइड नुसते हसले.

पण असल्या कागदी कामाचं पुढे काय होतं त्याचं माझं लाडकं उदाहरण म्हणजे बंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वरा. ते अमेरिकेत मेरीलँडला पीएचडी करत होते तेव्हा 'ब्लॅक होल' हा शब्दसुद्धा नवाकोरा होता. आता जे दिसतच नाही ते आहे हे ओळखायचं कसं? आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो ना, तेच त्यांनी केलं, फक्त कॉम्प्युटरवर. गुरुत्वीय लहरींचा (म्हणजे अवकाश-काळातच उठणाऱ्या तरंगांचा) पुंजका ब्लॅक होलवर सोडायचा आणि परत काय येतं ते बघायचं. पुंजका रुंद असला की विशेष काही नाही, पण तो ब्लॅक होलच्या आकाराइतका अरुंद केला आणि ते चक्क वाजायला लागलं! ठरावीक सूर (कानाला ऐकू येणारा नव्हे, लहरींचाच), झटक्यात विरणारा. सूर कुठला आणि किती पटकन विरतो यावरून ब्लॅक होलचं वस्तुमान काढता येतं. पेपर आला १९७० साली, 'नेचर'मध्ये.

मग थेट १४ सप्टेंबर २०१५. लायगोला, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेला, दोन ब्लॅक होल एकमेकांत मिसळल्याचा सिग्नल मिळाला, एक सूर्याच्या ३६ पट, एक २९ पट, मिळून झालं ६२ पट, म्हणजे तीन सूर्यांएवढा ऐवज लहरींत उडाला, आणि शेवटच्या काही मिलिसेकंदांत तोच विरता सूर. विश्वेश्वरा जानेवारी २०१७ मध्ये गेले, म्हणजे त्यांना हे बघायला मिळालं. एवढं नशीब फार थोड्यांचं (मधल्या काळात त्यांनी बंगळुरूचं नेहरू तारांगणही उभं केलं, ते वेगळंच).

पोटाचं म्हणाल तर जेआरएफचे (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, पीएचडी करताना मिळणारं विद्यावेतन) महिना ३७,००० अधिक घरभाडं भत्ता, दोन वर्षांनी ४२,०००. एकट्याचं भागतं, पैसे वेळेवर आले तर. पुढे पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी), म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी नवं शहर, बऱ्याचदा नवा देश, घरचे लग्नाचं विचारतात तेव्हा हे समजावताना नाकी नऊ येतात. अर्ज साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात करायचे असतात, पुढच्या वर्षी मीही त्या रांगेत.