पहिल्यांदाच कोंबड्या पाळताय? आधी साल्मोनेलाचं बघा

साल्मोनेला (माणसाला जुलाब, ताप आणणारा जंतू) असलेली कोंबडी बहुतेक वेळा ठणठणीत दिसते, पण तिच्या विष्ठेतून जंतू पडत असतात. त्यामुळे "आजारी दिसली की बघू" हे चालत नाही. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- खुराड्यातून आलात की साबणाने 20 सेकंद हात धुवा. तिथली चप्पल घरात नको.
- अंडी रोज गोळा करा, घाण कोरड्या फडक्याने पुसा. थंड पाण्यात बुडवलीत तर कवचाच्या छिद्रांतून जंतू आत ओढले जातात. नवे लोक ही चूक हमखास करतात. तडकलेलं अंडं टाकून द्या.
- 5 वर्षांखालच्या मुलांच्या हाती पिल्लं देऊ नका, पापे तर नाहीच.

बलक घट्ट होईपर्यंत अंडं शिजवा, कारण कधीकधी कवच तयार होण्याआधीच जंतू आत शिरलेले असतात. लसीकरणाचं नंतर बोलू.