दरीतला तंबू: किती गारठा, किती गर्दी?

प्रश्न: शनिवार-रविवार दोन मुलांसह डोंगरदरीतल्या कॅम्पसाइटवर तंबूत राहायचंय. अ‍ॅपवर रात्रीचं तापमान १२ अंश दिसतंय. पातळ पांघरुणं पुरतील? ओढ्याकाठची जागा घ्यावी का?

उत्तर: पांघरुणं मुळीच पुरणार नाहीत. अ‍ॅपवरचा आकडा बरेचदा जवळच्या गावाचा असतो. गाव १००० मीटर खाली असेल, तर सरासरी ६.५ अंश वजा करा. त्यात निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड, जड हवा उतारांवरून ओघळून दरीच्या तळाशी साचते. पहाटे तिथे वरच्या उतारापेक्षाही जास्त गारठा असतो. म्हणून तंबू जरा वरच्या सपाटीवर लावा.

ओढ्याच्या काठाचा मोह मलाही होतो. पण वर डोंगरात पाऊस झाला, की तुमच्या डोक्यावर आभाळ कोरडं असतानाही ओढा फुगतो. तिथे झोपू नका.

गर्दीचं म्हणाल, तर शनिवारी दुपारी पोहोचणाऱ्यांच्या वाट्याला स्वच्छतागृहाशेजारचीच जागा येते. रविवारी जाऊन सोमवारी परता. मुलांची एक दिवस शाळा बुडाली तर बुडू दे! आणि भटकंती सकाळीच उरका. दुपारी तापलेली हवा उतारांवरून वर चढते, ढग शिखरांवर जमतात. गडगडाट कानावर आला, की लगेच मागे फिरा.